जर्मनीतली पेन्शन टिकणार का? आपल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी स्टुटगार्टजवळ राहते, बारा वर्षं झाली. गणपतीची आरती संपून प्रसादाची वाटी हातात आली की कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, ते रेंटेचे पैसे कापतात ना दर महिन्याला, ते आपल्याला कधी दिसणार आहेत का?" रेंटे म्हणजे इथली सरकारी पेन्शन. दरवर्षी तेच तेच सांगते, म्हणून यंदा सगळं लिहूनच काढलं. मी वकील नाही की टॅक्सवाली नाही, पण माझेही पैसे त्यातच जातात आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो म्हणून गेली कित्येक वर्षं चिकाटीने वाचतेय. जर्मन शब्द मुद्दाम तसेच ठेवलेत, कारण घरी येणाऱ्या पत्रात तेच असतात.

पगारातून कापलेले पैसे नक्की कुठे साठतात?

साठत नाहीत. पहिला गैरसमज हाच, आणि तो एकदा गेला की पुढचं सगळं सोपं होतं. ब्रुटो, म्हणजे काहीही कापण्याआधीच्या पगाराच्या १८.६ टक्के रक्कम रेंटेनफरझिषरुंगमध्ये, म्हणजे सरकारी पेन्शन विम्यात जाते, त्यातले ९.३ तुमच्या खिशातून आणि ९.३ कंपनीकडून. पगार महिना ५००० युरो असेल तर तुमचे ४६५ आणि कंपनीचे ४६५ असे ९३० युरो. हे ९३० युरो तुमच्या नावाने कुठल्याही खात्यात पडून राहत नाहीत, साधारण त्याच महिन्यात ते आजच्या पेन्शनरांना वाटून टाकले जातात. माझ्या खालच्या मजल्यावर ८१ वर्षांच्या एक आजी राहतात, मी त्यांना म्हणते की माझ्या पगारातला एक तुकडा दर महिन्याला जिन्यावरून खाली तुमच्याकडे येतो, आणि ते अगदी खरं आहे.

तिजोरीत शिल्लक असते ती साधारण दीड महिन्याच्या खर्चाएवढी, बस. या पद्धतीला इथे उमलागे म्हणतात, आजचे कमावते आजच्या म्हाताऱ्यांना पोसतात आणि त्या बदल्यात उद्याचे कमावते आपल्याला पोसतील असा शब्द कायदा देतो.

असं का केलं, पैसे साठवून का ठेवले नाहीत?

ठेवले होते की! चान्सलर बिस्मार्कच्या काळात १८८९ ला कायदा झाला, १८९१ पासून लागू झाला, तेव्हा पैसे साठवायचीच कल्पना होती. पण १९२३ च्या महागाईत मार्कची, म्हणजे तेव्हाच्या चलनाची, किंमत कागदाएवढी उरली नाही, नंतर दुसरं महायुद्ध, मग १९४८ ला नवं चलन. साठवलेलं दोनदा धुऊन निघालं. मग १९५७ ला चान्सलर आडेनाउअर यांनी पेन्शन थेट चालू पगारांशी जोडली, पगार वाढले की पेन्शन वाढणार. त्या एका सुधारणेने लाखो म्हाताऱ्या माणसांना गरिबीतून वर काढलं. म्हणून कोणी म्हणालं की शेअर बाजारात टाकले असते तर आज काही प्रश्नच नसता, तर त्याला १९२३ आठवून द्यावं. साठवलेला पैसाही शेवटी त्या त्या वेळच्या अर्थव्यवस्थेतूनच परत मिळतो, म्हातारपणी ब्रेड भाजणारा आणि औषध देणारा माणूस तर तेव्हाचाच लागतो ना.

मग ही पॉन्झी स्कीमच झाली ना?

नाही. हा शब्द आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फार फिरतो आणि मला तो चुकीचा वाटतो. पॉन्झीमध्ये लपवाछपवी असते, अवाच्या सवा व्याज कबूल केलेलं असतं, आणि नवे लोक यायचे थांबले की एका दिवसात सगळं कोसळतं. इथे सगळा हिशोब उघडा आहे, नोकरदाराला भरणं सक्तीचं आहे, आणि भरणारे कमी झाले तर एवढंच होऊ शकतं, कापणी वाढते, पेन्शनची वाढ मंदावते, पेन्शनचं वय वाढतं किंवा सरकार टॅक्समधून जास्त घालतं. एका रात्रीत शून्य होत नाही. "मिळेल का" हा प्रश्नच नाहीये, "किती मिळेल आणि ते कोणाच्या खिशातून येईल" हा प्रश्न आहे. भांडण आहे ते याचं.

एवढी ओरड कशासाठी मग?

माणसांची संख्या बघा. १९६४ साली दोन्ही जर्मनी मिळून १३ लाख ५७ हजार मुलं जन्मली, तो इथला महायुद्धानंतरचा विक्रम. २०२४ ला जन्मली ६ लाख ७७ हजारांच्या आसपास, म्हणजे बरोबर निम्मी. एका बाईमागे १.३५ मूल, आणि लोकसंख्या जागच्या जागी राहायला २.१ लागतं. हे काल-परवाचं नाही, सत्तरच्या दशकापासून असंच चाललंय, फक्त तेव्हा ती मोठी पिढी कमावती होती म्हणून कोणाला टोचत नव्हतं. आता तीच पिढी, इथे बेबीबूमर म्हणतात, रिटायर होतेय आणि १९६४ वाले २०३१ मध्ये ६७ चे होतील.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका पेन्शनरमागे सहा भरणारे होते, आज दोनच्या आसपास आहेत. शिवाय माणसं जास्त जगतात, ती आनंदाचीच गोष्ट आहे, पण १९६० ला सरासरी दहा वर्षं पेन्शन घेतली जायची आणि आता वीस वर्षांहून जास्त. बिस्मार्कच्या कायद्यात पेन्शनचं वय ७० होतं आणि तिथपर्यंत पोचणारे थोडेच. म्हणजे आत येणारे कमी, बाहेर बसून घेणारे जास्त आणि घेण्याचा काळ दुप्पट, हे तिन्ही एकदम आलंय.

मला किती मिळेल, हिशोब कसा करतात?

पॉइंटवर. पूर्ण देशाच्या सरासरीएवढा पगार तुम्ही एक वर्ष कमावलात की तुमच्या खात्यात एक एन्टगेल्टपुंक्ट जमा. २०२५ ची सरासरी साधारण ५०,५०० युरो वर्षाला धरली होती, तुम्ही ७०,७०० कमावत असाल तर १.४ पॉइंट, २५,२५० ची अर्धवेळ नोकरी असेल तर अर्धा पॉइंट. वर एक मर्यादाही आहे, २०२५ ला महिना ८०५० युरोच्या वरच्या पगारावर कापणी नव्हती त्यामुळे पॉइंटही नाहीत, म्हणून आयटीतला कितीही मोठा पगार असला तरी वर्षाला दोन पॉइंटसुद्धा पुरे होत नाहीत.

मग एका पॉइंटला महिन्याला किती युरो ते सरकार दर जुलैला ठरवतं. १ जुलै २०२५ ला तो भाव ४०.७९ युरो झाला. म्हणजे कोणी दहा वर्षं १.४ ने काम केलं तर १४ पॉइंट, गुणिले ४०.७९, महिना ५७१ युरो आयुष्यभर, त्या भावाने. यातून आरोग्य विमा, टॅक्स वगैरे जातं ते वेगळं. मला या पद्धतीत एक गोष्ट फार आवडते, तुमचा पॉइंट महागाईने कुजत नाही कारण भाव पगारांबरोबर सरकतो, २००५ ला कमावलेला पॉइंट आणि आज कमावलेला पॉइंट एकाच भावाने जातो.

बातम्यांत ४८ टक्के म्हणतात, म्हणजे माझ्या शेवटच्या पगाराच्या ४८ टक्के मिळणार?

नाही नाही नाही. हे मोठमोठ्या शिकलेल्या लोकांनाही चुकीचं माहीत असतं. ते ४८ म्हणजे रेंटेननिव्हो, पेन्शनची पातळी, आणि तो नुसता एक मापदंड आहे. एक काल्पनिक माणूस घ्यायचा जो ४५ वर्षं न चुकता बरोबर सरासरी पगारावर राबला, त्याचे ४५ पॉइंट, जुलै २०२५ च्या भावाने महिना साधारण १८३६ युरो, आणि हे सध्याच्या सरासरी पगाराच्या किती टक्के ते बघायचं (विम्याची कापणी दोन्हीकडून वजा करून, टॅक्सच्या आधी). ते ४८. तुम्ही ३२ व्या वर्षी पुण्याहून इथे आलात तर ६७ पर्यंत ३५ वर्षंच होतात, तुमचा त्या ४८ शी काही संबंध नाही, तुमचे पॉइंट मोजा आणि त्यावर जा.

आणखी एक, हा आकडा खाली गेला म्हणजे पेन्शन कापली असं नसतं. पेन्शनचे युरो कमी करायला कायद्यानेच मनाई आहे. आकडा खाली जाणं म्हणजे पगार जितके वाढले तितकी पेन्शन वाढली नाही, म्हातारे बाकीच्यांच्या मागे पडले. दिसायला साधं वाटतं पण वीस वर्षं असं होत गेलं तर फरक मोठा पडतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत एवढं काय भांडण झालं?

थोडं मागून सांगावं लागेल. २००४ ला श्रोएडर सरकारने पेन्शनवाढीच्या सूत्रात एक ब्रेक बसवला, भरणाऱ्यांच्या मानाने पेन्शनर वाढले की पेन्शनची वाढ आपोआप थोडी कमी होणार. म्हणजे वाढत्या म्हातारपणाचं ओझं दोन्ही पिढ्यांत वाटलं जाईल. पुढे राजकारण्यांना भीती वाटली की पेन्शन फारच मागे पडेल, म्हणून ४८ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही अशी रेघ २०२५ पर्यंत मारली. डिसेंबर २०२५ ला बुंडेसटागने, म्हणजे संसदेने, ती रेघ २०३१ पर्यंत लांबवली, आणि जास्तीचा खर्च टॅक्समधून येणार.

तेव्हा चान्सलर मेर्त्झ यांच्याच पक्षातल्या तरुण खासदारांचा गट अडून बसला. त्यांचं म्हणणं असं की २०३१ नंतरही पेन्शनची पातळी, ब्रेक चालू असता तर झाली असती त्यापेक्षा सुमारे एक टक्क्याने वरच राहील आणि त्याचं बिल आमच्या पिढीने भरायचं, ब्रेक तर ऐन उतारावर काढून टाकलात. कायदा शेवटी पास झाला, पुढच्या मोठ्या सुधारणेसाठी आयोग नेमला.

माझं मत विचाराल तर ती तरुण मुलं हिशोबात बरोबर आहेत. पण माझ्या खालच्या आजींचं घरभाडं आणि हीटिंगचं बिलही खरंच आहे आणि त्या आता ८१ व्या वर्षी कुठे नोकरी शोधणार? मला राग येतो तो एवढ्याच गोष्टीचा की १९६४ ची मुलं २०३१ ला ६७ ची होणार हे १९६४ पासून सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी प्रत्येक सरकारने पुढच्या निवडणुकीपुरतंच बघितलं. उशीर जितका होतो तितकं ओझं लहान पिढीवर सरकतं, माझ्या पोरांवर, तुमच्याही.

सरकार टॅक्समधून पेन्शनमध्ये पैसे का घालतं?

वर्षाला १०० अब्ज युरोंच्या वर घालतं. ऐकून धक्का बसतो पण सगळी खैरात नाहीये ती. मुलं वाढवणाऱ्या आयांना पॉइंट, पूर्व जर्मनीच्या लोकांची पेन्शन, युद्धातली वर्षं, ही सगळी पूर्ण समाजाची जबाबदारी आहे, ती फक्त नोकरदाराच्या पगारातून का भागवायची? टॅक्स तर डॉक्टर, वकील, दुकानदार, घरमालक सगळेच भरतात. वाद इतकाच की हा वाटा वाढत गेला तर रेल्वे, शाळा, पूल यांना काय उरणार. इथल्या ट्रेन किती लेट येतात ते आपण सगळे बघतोच.

वय ७० करून टाकलं की संपलं ना सगळं?

कागदावर हो. ६५ वरून ६७ करायचं २००७ ला ठरलं, २०१२ पासून महिना-महिना चढवत नेलं, २०३१ ला पूर्ण होईल. डेन्मार्कने तर मे २०२५ ला कायदाच केला, २०४० पर्यंत ७० वर्षं. त्यांच्याकडे वय आयुर्मानाला जोडलेलं आहे आणि लोकांनी ते बऱ्यापैकी मान्यही केलं.

पण काम कोणतं ते बघायला नको का? इथे या चर्चेत कायम छपरं बसवणाऱ्या माणसाचं उदाहरण देतात, डाखडेकर म्हणतात त्याला. मी लॅपटॉपवर काम करते, ७० पर्यंत जमेलही. पण माझ्या ओळखीची एक मल्याळी नर्स आहे, २२ वर्षं झाली वृद्धाश्रमात माणसं उचलतेय, पन्नाशीतच तिची पाठ गेलीये. तिला ७० म्हणजे थेट पेन्शन कापणंच, कारण ती आधीच थांबणार आणि लवकर थांबलात तर दर महिन्याला ०.३ टक्के कायमचे जातात, वर्षाला ३.६, जास्तीत जास्त १४.४. उलट उशिरा घेतली तर महिन्याला ०.५ टक्के वाढतात. गरीब माणसं कमीही जगतात हे विसरू नका, वय सरसकट वाढवलं की कमी जगणारा जास्त जगणाऱ्याला पैसे देतो.

४५ वर्षं भरलेल्यांना कापणी न होता थोडं आधी जाता येतं, २०१४ ला हे ६३ व्या वर्षी होतं, ते सरकत १९६४ वाल्यांसाठी ६५ झालंय. याचा फायदा मात्र बऱ्याचदा धडधाकट, चांगल्या पगाराच्या लोकांनीच घेतला. आणि जानेवारी २०२६ पासून आक्टिवरेंटे आलीय, पेन्शनचं वय झाल्यावरही नोकरी केली तर महिना २००० युरोपर्यंतचा पगार टॅक्समुक्त. ज्याला काम करायचंय त्याला करू देणं, हे मला सक्तीपेक्षा बरं वाटतं.

फ्रान्समध्ये काय झालं ते आठवा. २०२३ ला मॅक्रॉन सरकारने ६२ चं ६४ केलं, तेही संसदेत मतदान टाळून, कित्येक आठवडे रस्त्यावर लाखो लोक, आणि शेवटी २०२५ च्या अखेरीस पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपर्यंत ते स्थगित केलं. लोकांना सोबत न घेता केलेली सुधारणा अशी परत फिरते.

आपल्यासारखे लोक बाहेरून आणले तर?

मदत होते, आणि ती झालीये. २००७ ला कापणी १९.९ टक्के होती, १९९७-९८ ला तर २०.३ होती, आणि तेव्हा सगळे म्हणायचे की २०२० नंतर काही खरं नाही. प्रत्यक्षात २०१८ पासून १८.६ वर आहे. का? नोकऱ्या वाढल्या, बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या आणि बाहेरून लोक आले. हे तज्ज्ञांच्या भाकितात पुरेसं नव्हतंच. येत्या दशकात कापणी २० च्या वर जाणार असं सरकारचेच अंदाज सांगतात, पण ऑस्ट्रियात २२.८ आहे आणि तो देश काही बुडालेला नाही.

ऑक्टोबर २०२४ ला जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत न्यायचं जाहीर केलं. आपल्या महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२४ ला आमच्या बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल माणसं पाठवायचा, नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर वगैरे. यामागे पेन्शनचंच गणित आहे हे येणाऱ्या पोरांना कोणीतरी सांगायला हवं. तुम्ही इथे कोणाचे उपकार घ्यायला येत नाही, तुमच्यावाचून यांचं भागत नाही, हे मनात ठेवून ताठ मानेने या, आणि जर्मन नीट शिकून या.

पण फक्त यावर अवलंबून राहता येणार नाही. आपणही म्हातारे होणारच आहोत ना. आज मी भरते, २५ वर्षांनी मी घेणार. शिवाय लोक येतात तसे परतही जातात, परक्यासारखं वागवलं की जातात.

बेआम्टे, म्हणजे सरकारी अधिकारी, ते का भरत नाहीत?

कारण त्यांची व्यवस्थाच वेगळी, थेट टॅक्समधून, शेवटच्या पगाराच्या ७१.७५ टक्क्यांपर्यंत. कामगारमंत्री बेर्बेल बास यांनी २०२५ ला सुचवलं की यांनाही आणि खासदारांनाही आत घ्या, लगेच गदारोळ. पैशाच्या दृष्टीने यातून फार काही सुटत नाही, कारण आत आले की त्यांचेही पॉइंट होणार. पण न्यायाच्या दृष्टीने? मला वाटतं घ्यावं. ऑस्ट्रियाने हळूहळू घेतलंच.

आपल्याकडच्या जुन्या पेन्शनसारखंच आहे का हे?

नाही. मार्च २०२३ ला राज्य कर्मचाऱ्यांनी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणून संप केला ती लढाई सरकारी नोकरांपुरती, ती जास्त करून या बेआम्टेंसारखी. रेंटे सगळ्या खासगी नोकरदारांची आहे, आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे पीएफमधली कर्मचारी पेन्शन योजना, ईपीएस-९५, आणि तिथली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये. माझ्या सासऱ्यांना तेच मिळतं, त्याबद्दल वेगळंच लिहावं लागेल.

कुठल्या देशाने हे नीट जमवलंय?

मला स्वीडन पटतं. तिथे १८.५ टक्के भरतात, १६ टक्के आपल्या जर्मन पद्धतीसारखे लगेच वाटले जातात पण प्रत्येकाच्या नावाने हिशोब ठेवतात, आणि २.५ टक्के खरोखर फंडात गुंतवतात. रिटायर होताना तुमच्या पिढीचं आयुर्मान बघून रक्कम ठरते, आणि पैसे कमी पडायला लागले की आपोआप ब्रेक लागतो, मंत्र्याला विचारावं लागत नाही. २०१० ला तो ब्रेक खरंच लागला, लोकांना त्रास झाला, पण कोणी फसवलं गेलं नाही कारण नियम आधीच माहीत होता. दरवर्षी घरी नारिंगी पाकीट येतं आणि शाळा सोडलेल्या पोरालाही कळतं की आपलं किती जमलं. हा प्रामाणिकपणा मला सगळ्यात जास्त भावतो.

इटलीने उलटं केलं, वर्षानुवर्षं टाळलं, मग २०११ च्या संकटात एका डिसेंबरात सगळं करावं लागलं, मंत्री एल्सा फोर्नेरो पत्रकार परिषदेत "त्याग" हा शब्द उच्चारताना रडल्या. आजही तिथे पेन्शनवर जीडीपीच्या १५ टक्क्यांहून जास्त खर्च होतो, जर्मनीत १० च्या आसपास. नेदरलँड्सचे फंड श्रीमंत आहेत पण तेही २०२३ च्या कायद्याने ठरलेली रक्कम द्यायचं वचन सोडून बाजाराबरोबर वरखाली होणाऱ्या पद्धतीकडे चाललेत.

इथे खरंच म्हाताऱ्या माणसांना कमी पडतं का?

पडतं. रेल्वे स्टेशनवर डिपॉझिटच्या, म्हणजे परत दिल्या की थोडे पैसे मिळतात त्या, बाटल्या गोळा करणारे आजी-आजोबा तुम्ही बघितले असतील. पेन्शन पुरत नाही म्हणून ग्रुंडझिषरुंग, म्हणजे सरकारी आधार, घेणारे म्हातारे ७ लाखांच्या वर आहेत, आणि लाजेने अर्जच न करणारे वेगळे. खालच्या आजींनी आयुष्यभर बेकरीत अर्धवेळ काम केलं, तीन मुलं वाढवली, स्वतःची पेन्शन इतकी कमी की नवऱ्याच्या मागे मिळणारी विधवा पेन्शन नसती तर घर सोडावं लागलं असतं. सगळ्यात जास्त हे बायकांच्या वाट्याला येतं.

आणि म्हणून आपल्या मैत्रिणींसाठी हे नीट लिहितेय. इंजिनियर होऊन डिपेंडंट व्हिसावर आलात, मुलं लहान म्हणून घरी आहात, तर तुम्हाला वाटतं की आपल्याला पेन्शन नाहीच. चूक! इथे मूल वाढवलं तर एका मुलामागे तीन वर्षं तुमच्या खात्यात धरली जातात, वर्षाला साधारण एक पॉइंट, एक दिवस नोकरी न करता. पेन्शनचा हक्क ६० महिन्यांनी मिळतो, दोन मुलांचे ७२ महिने होतात, म्हणजे हक्क तिथेच पूर्ण. सहा पॉइंट म्हणजे जुलै २०२५ च्या भावाने महिना जवळपास २४५ युरो. पण हे आपोआप पडत नाही, कोन्टेनक्लेरुंगचा, म्हणजे खात्यातल्या नोंदी पूर्ण करून घ्यायचा, अर्ज करून मुलाचा जन्मदाखला जोडावा लागतो. माझ्या स्वतःच्या खात्यात माझी दोन्ही मुलं नव्हती, अर्ज केला तेव्हा आली. आजच करा.

भारतात परत गेलो तर पैसे बुडाले का?

नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. तुम्ही इथे ६० महिने भरले असतील तर वय झाल्यावर पेन्शन भारतात येते. ६० पेक्षा कमी असतील तर भारतातला पीएफ पेन्शनचा काळ त्यात धरून हक्क पूर्ण करता येतो, पैसे मात्र इथल्या पॉइंटचेच. कंपनीने तिकडून थोड्या काळासाठी पाठवलं असेल आणि पीएफ ऑफिसचं सर्टिफिकेट असेल तर ४८ महिन्यांपर्यंत इथे भरावंच लागत नाही.

६० महिने झाले नसतील आणि तुम्ही युरोपाबाहेर गेलात तर २४ महिन्यांनी पैसे परत मागता येतात. पण फक्त तुमचे ९.३, कंपनीचे नाहीत, व्याज नाही, आणि घेतले की इथली ती वर्षं कायमची पुसली जातात. एका एजंटच्या सांगण्यावरून माझ्या नात्यातल्या एकाने घाईने काढले, तीन वर्षांनी तो पुन्हा इथे नोकरीला आला आणि शून्यापासून सुरू केलं, पक्क्या परमिटसाठीचे महिनेही परत मोजायला लागले. काढायच्या आधी रेंटेनफरझिषरुंगच्या ऑफिसात अपॉइंटमेंट घ्या, सल्ला फुकट असतो, तुमच्या केसचं तेच खरं सांगतील.

नुसत्या रेंटेवर भागेल का? अजून काय करावं?

बहुतेकांचं नाही भागणार, आपण उशिरा आलो म्हणून तर नाहीच. कंपनीतर्फे पेन्शनची सोय असेल तर विचारा, तुम्ही पगारातून त्यात टाकलेल्या रकमेवर कंपनीला सहसा १५ टक्के घालावे लागतात. २००२ पासूनची रिस्टर पेन्शन, म्हणजे सरकारी मदत मिळणारी खासगी पेन्शन, तिचा फायदा खर्चानेच खाल्ला, मला तरी ती पटली नाही. नवीन आलेल्यांना पहिल्याच वर्षी गाठून ३५ वर्षांची पॉलिसी गळ्यात मारणारे बरेच असतात, मीही एक घेतली होती, चार वर्षांनी बघते तो माझ्या पैशातला मोठा भाग कमिशनमध्ये गेलेला. खर्च किती टक्के ते लेखी मागा, न दिल्यास उठून या.

माझ्याकडे रेंटेचं पत्रच कधी आलं नाही, असं का?

ते २७ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि पाच वर्षं भरल्यावर यायला लागतं, मग दरवर्षी एकदा. घर बदललं की पत्ता कळवा. वर कोपऱ्यात तुमचा फरझिषरुंग नंबर असतो, तो जपून ठेवा, भारतात घरच्यांनाही देऊन ठेवा. पत्रात तीन आकडे असतात, आज आजारी पडून काम सुटलं तर किती, आत्तापर्यंतच्या पॉइंटवर ६७ ला किती, आणि असंच भरत राहिलात तर किती. बघायचा तो मधला, तो तुमचा कमावलेला आहे. तिसरा बघून खूश होऊ नका.